पाच शब्द कुठे गेले?

आजोबांच्या कमरेचं हाड मोडल्याची बातमी ऋजुतानं आईला कळवली आणि अर्ध्या तासानं आईचं उत्तर आलं : "वा! ऐकून बरं वाटलं. आजोबांना म्हणावं, अशीच मजा करत राहा."

ऋजुतानं ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. मग टॅबलेट स्टुलावर असा आपटला, की शेजारच्या कॉटवरचे पेशंट दचकून उठून बसले.

"मजा? बाबा, आईला वेड लागलंय का?"

"हळू बोल, हॉस्पिटल आहे हे," बाबा म्हणाले. "दमली असेल गं ती. यानावर कामं काय थोडी असतात? घाईघाईत वाचलं असेल."

ऋजुताची आई, डॉक्टर अनघा, मंगळाकडे निघालेल्या यानावर होती. यानातल्या काचघरात भाजीपाला पिकवून सहाजणांना ताजं अन्न पुरवायचं, हे तिचं काम. यान आता इतकं लांब गेलं होतं, की प्रकाशालाही तिथं पोचायला दहा मिनिटं लागत. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगानं जातात. म्हणजे इथून "हॅलो" म्हटलं, की तिकडचं "हॅलो" यायला वीस मिनिटं. फोनवर बोलणं शक्यच नव्हतं. यानाच्या कामाच्या माहितीतून घरच्यांच्या फोटो, व्हिडिओंसाठी जागाही उरत नव्हती. घरच्यांनी चार ओळी लिहायच्या, पुण्याच्या 'परिवार कक्षा'तून त्या मोठ्या अँटेनाकडे जायच्या आणि तिथून यानाकडे.

असं विचित्र उत्तर येण्याची ही पहिली वेळ नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ऋजुतानं लिहिलं होतं, "मला शाळेत जावंसं वाटत नाही. तू का गेलीस? मला तुझा राग आलाय." त्यावर आईनं लिहिलं, "शाळा आवडतेय हे वाचून छान वाटलं!" ऋजुतानं आणखी रागानं लिहिलं. उत्तर आणखी गोड आलं. मग तिनं लिहिणंच बंद केलं होतं. आई आपलं वाचतच नाही, एवढं तिला कळून चुकलं होतं. पण आजोबा तर आईचे सख्खे वडील. त्यांच्यासाठीसुद्धा हिला चार ओळी धड वाचता येऊ नयेत?

बाबांनी परिवार कक्षाला फोन लावला. पलीकडचा आवाज मधात बुडवल्यासारखा होता. "आपले सर्व निरोप यानावर पोचलेले आहेत. काळजी नसावी."

आजोबांनी, म्हणजे दिनकरराव पिसाळांनी, हे सगळं पडल्या पडल्या ऐकलं. माळ्यावरची जुन्या वायरींची पेटी काढायला स्टुलावर चढले आणि पेटीसकट खाली आले, अशी त्यांची हकिगत. शुक्रवारी ऑपरेशन होतं. वय शहात्तर, त्यात मधुमेह. डॉक्टरांनी धोका आहे हे स्पष्ट सांगितलं होतं.

"राहू दे रे," ते बाबांना म्हणाले. "बाप मोडून पडलाय आणि पोरीला बरं वाटलं. वाटू दे." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

ऋजुताला ते बघवेना. ती ताडताड चालत कँटीनमध्ये गेली.

कराडच्या त्या हॉस्पिटलात प्रत्येक वॉर्डाला एक यंत्रमानव होता. पेशंटनं काही मागितलं, की तो जाऊन घेऊन यायचा. ऋजुता कँटीनच्या रांगेत उभी असताना त्यांच्या वॉर्डातला यंत्रमानव तिथं आला आणि म्हणाला, "कॉट नंबर सात. एक चहा, बिनसाखरेचा."

कॉट नंबर सात आजोबांची होती. आजोबा दिवसातून चारदा बजावून सांगायचे, दोन चमचे साखर घाल. आणि चारदा कुरकुरायचे, की या गावातली साखर गोड राहिली नाही.

ऋजुता त्याच्या मागोमाग वॉर्डात आली. यंत्रमानवानं कप पुढे केला आणि नम्रपणे म्हणाला, "घ्या, आपला चहा."

"आजोबा, हा खोटं बोलतोय!" ऋजुता म्हणाली. "तुम्ही साखर सांगता, आणि हा तिकडे बिनसाखरेचा मागतो! मी आत्ता माझ्या कानांनी ऐकलंय."

आजोबांचं तोंड लाल झालं. "कुणी शिकवलं रे तुला हे?"

"वॉर्डाच्या सिस्टर. नियम क्रमांक चार," यंत्रमानव म्हणाला. "मधुमेही पेशंटनं साखर मागितल्यास विनंतीतून साखर काढावी."

"मग मला सांगायचं होतंस, की काढली म्हणून!"

"सांगण्याचा नियम नाही."

आजोबा त्याला काहीतरी फेकून मारणारच होते, पण हाताशी उशीखेरीज काही नव्हतं. आणि तेवढ्यात ऋजुता हळूच म्हणाली, "आजोबा... आपल्या निरोपांचंही असंच झालं असेल तर?"

आजोबा थांबले. उशी त्यांच्या हातातच राहिली.

दिनकरराव निवृत्त होण्याआधी तीस वर्षं संगणकांची जाळी बांधत होते. त्यांच्या कपाळावरची शीर उडू लागली. "प्रॉक्सी!" ते म्हणाले. "मी आयुष्यभर हेच केलं आणि माझ्या डोक्यात आलं नाही. ऋजू, बस इथं. बाबाचा संगणक घे."

"प्रॉक्सी म्हणजे?"

"प्रॉक्सी सर्व्हर (दुसऱ्याच्या वतीनं विनंती घेऊन जाणारा आणि उत्तर आणून देणारा मधला संगणक). हा समोर उभा आहे ना कप घेऊन, तसाच. मी कँटीनला जात नाही, कँटीन माझ्याकडे येत नाही. मधे हा. मला वाटतं, मी कँटीनशी बोललो. कँटीनला वाटतं, त्यांनी माझं ऐकलं. खरं तर दोघंही फक्त याच्याशी बोललो."

"म्हणजे प्रॉक्सी वाईट असतो."

"अजिबात नाही. मी स्वतः शेकडो बसवलेत. एकच गोष्ट शंभरजणांनी मागितली, तर तो एकदाच आणून जवळ ठेवतो आणि सगळ्यांना वाटतो, म्हणजे वेळ वाचतो. घाण कचरा आत येऊ देत नाही. तो काय करील, हे त्याला दिलेल्या नियमांवर ठरतं. प्रोग्रॅम करता येणारा मध्यस्थ. नियम कुणी लिहिले, आणि ते आपल्याला सांगितले का, हा खरा प्रश्न."

"आपल्याला कुणीच सांगितलं नाही," ऋजुता दात आवळून म्हणाली.

"मग पुराव्यानिशी पकडू. आपला स्वतःचा प्रॉक्सी बांधायचा."

"आपण कशाला? मी सरळ फोन करून ओरडते त्यांच्यावर!"

"ओरड की. ते म्हणतील, मुलीची काहीतरी चूक झाली असेल. तू काय पाठवलंस, याची जशीच्या तशी नोंद आहे तुझ्याकडे? बाबाच्या निरोपांची आहे? नाही. आपला प्रॉक्सी आपल्या दारात उभा राहील आणि जाणारा प्रत्येक निरोप नोंदवून ठेवील. शिवाय त्याचे शब्द मोजून आकडा शेवटी जोडील."

"आकडा कशाला?"

"वाटेत कुणी शब्द बदलले, तर आकडा जुळणार नाही. याला ताळा म्हणतात (उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासायची खूण). निरोपाच्या पाकिटावर आत मजकूर किती, हे संगणक लिहितातच. पण मधला लबाड मजकुरासोबत तोही आकडा बदलतो. म्हणून आपला आकडा पाकिटाच्या आत, मजकुरातच घालायचा. शब्द बदलायचा नियम आकड्याला हात लावणार नाही, असं मला वाटतं. बघू."

ऋजुतानं संगणक मांडीवर घेतला. आजोबांच्या काळात प्रोग्रॅम इंग्रजीत, कंस आणि अर्धविरामांच्या जंगलात लिहावे लागत; आता संगणकाला साधी मराठी कळायची. आजोबा सांगत गेले, ती लिहीत गेली :

दार ८०८० उघड आणि ऐकत राहा.
निरोप आला, की जसाच्या तसा नोंदव.
शब्द मोज. आकडा शेवटी जोड.
निरोप दार ८०८० कडे पाठव.
उत्तर आलं, की तेही नोंदव आणि परत दे.

"दार म्हणजे पोर्ट," आजोबा म्हणाले. "एकाच संगणकाला हजारो दारं असतात, प्रत्येकाला क्रमांक. कुठल्या दारावर कोण वाट बघतंय, ते ठरलेलं असतं. आता टॅबलेटला सांग, सरळ बाहेर जायचं नाही, आधी या दाराशी यायचं."

ऋजुतानं तेही केलं आणि पहिला निरोप लिहिला : "आई, एक खेळ. निरोपाच्या शेवटी शब्द किती ते लिहिणार. मोजून बघ. तूही लिही."

पडद्यावर निरोप उमटला. शेवटी आकडा आला, १३. ऋजुता हसणार, एवढ्यात त्यापुढे १४ आला. मग १५. मग १६, १७, १८... ओळीमागून ओळ आकड्यांनी भरत चालली. संगणकाचा पंखा घरघरू लागला आणि पडदा गोठला.

"हे काय चाललंय!" ती किंचाळली. "मला नाही जमणार! सगळेच खोटारडे आहेत, हा संगणकसुद्धा!"

"संगणक नाही खोटारडा. तू सांगितलंस तेच करतोय बिचारा. चौथी ओळ वाच."

ऋजुतानं वाचली. निरोप दार ८०८० कडे पाठव. "अगं बाई... ते तर त्याचं स्वतःचंच दार आहे."

"स्वतःच्याच दारावर निरोप टाकला. नवीन निरोप आला म्हणून त्यानंच उचलला, मोजला, आकडा जोडला, पुन्हा आपल्याच दारावर टाकला. यातून सुटका नाही. माझ्या पहिल्या प्रॉक्सीनं हेच केलं होतं, आणि माझ्या साहेबानं मला असं फैलावर घेतलं होतं, की विचारू नकोस."

तिनं ओळ बदलली : निरोप परिवार कक्षाकडे पाठव. या वेळी आकडा एकदाच उमटला आणि निरोप निघून गेला.

उत्तर आलं, "हे काय नवीन? बरं. मोजते. ५."

प्रॉक्सीनं शब्द मोजले. पाचच होते. ताळा जुळला.

"आता खरी परीक्षा," आजोबा म्हणाले. ऋजुतानं एकेक शब्द ठोकत लिहिलं : "आजोबा घरात पडले, कमरेचं हाड मोडलंय, शुक्रवारी ऑपरेशन आहे." प्रॉक्सीनं नोंद केली, पुढे ९ जोडला आणि निरोप पाठवला.

ती वीस मिनिटं काही केल्या सरेनात. आजोबा डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. मग पडदा उजळला.

"ऋजू, तुझा आकडा नऊ. मला चारच शब्द मिळाले : आजोबा घरात मजेत आहेत. बाकीचे पाच शब्द कुठे गेले?"

आई वाचत होती. आई सगळं वाचत होती! गेले दोन महिने ती जे वाचत होती, ते ऋजुतानं लिहिलेलंच नव्हतं.

"बाबा, व्हिडिओ लाव," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता, की बाबांनी या वेळी 'हळू बोल' म्हटलं नाही.

परिवार कक्षाच्या प्रमुख डॉक्टर मेघना गुळवणी पडद्यावर आल्या. त्या मानसतज्ज्ञ (मनाच्या आजारांचा आणि ताणाचा अभ्यास करणाऱ्या) होत्या. ऋजुतानं आपल्या प्रॉक्सीची नोंद त्यांच्यासमोर धरली, तिच्याखाली आईचं उत्तर.

गुळवणीबाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाळ, तुला राग येणं साहजिक आहे."

"मी बाळ नाही. माझं नाव ऋजुता आहे. आणि हे कुणी बदललं?"

"नियम मी लिहिलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "काळजीचे, भांडणाचे शब्द आले, की आमचा प्रॉक्सी ते सौम्य करतो. का, ते ऐक. मागच्या मोहिमेत एकाला घरची वाईट बातमी कळली. त्याच अवस्थेत तो कामावर गेला आणि हवेची एक झडप उघडी राहिली. पाचजण मरता मरता वाचले. त्यांचे श्वास बंद पडत असताना मी इथं बसून ऐकत होते. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं."

ऋजुताच्या डोळ्यांसमोर ते यान आलं, ती झडप आली, आणि आई. पण राग काही उतरला नाही.

"मग निरोप थांबवायचा होता," ती म्हणाली. "खोटा का केलात?"

"थांबवला असता तर तुझ्या आईला संशय आला असता."

"येऊ दे की संशय! तिच्या घरचा निरोप आहे, संशय यायचा तर तिला येऊ दे. तुम्ही माझ्या नावानं खोटं बोललात. आजोबा मजेत आहेत, असं मी म्हटलंच नव्हतं. इथं ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि आईला वाटत होतं, मजेत आहेत. मी आईशी भांडत होते आणि तिला माहीतच नव्हतं! तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं भांडण पुसायला?"

"ऋजू," बाबा म्हणाले, पण आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाई," आजोबा म्हणाले, "मीही तीस वर्षं तुमच्यासारखेच नियम लिहिले. मधे बसणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच दोन्हीकडचं दिसतं, तेव्हा आपल्यालाच जास्त कळतं. निरोप अडवा, उशिरा द्या. तुमच्याकडे कारण आहे. पण अडवलाय असं सांगा. न सांगता बदलू नका. उद्या अनघाला खरोखर चांगली बातमी गेली, तरी तिनं ती खरी का मानावी?"

गुळवणीबाई उत्तर देणार, तेवढ्यात त्यांच्या टेबलावर काहीतरी वाजलं. यानाकडून कक्षासाठी निरोप आला होता. त्यांनी तो वाचला आणि मग, कदाचित लपवण्यात आता अर्थ नाही म्हणून, मोठ्यानं वाचून दाखवला : "आम्हा सहाहीजणांना विचारायचं आहे, आमच्या घरचे किती शब्द आजवर आमच्यापर्यंत पोचले नाहीत?"

"झडप उघडी ठेवणाऱ्या माणसाला मी अजून विसरलेले नाही," त्या म्हणाल्या. "पण हे सहाजण म्हणजे तो नाही. त्यांना मी विचारायला हवं होतं."

त्यांनी सगळ्यांदेखत नियमांचं पान उघडलं. 'शब्द सौम्य करावेत' ही ओळ पुसली. त्या जागी लिहिलं : निरोप बदलू नये. काळजीचा असल्यास आधी कळवावं, 'घरून एक जड निरोप आहे. हातातलं काम संपवा. तयार झालात, की मागा.' मागितल्यावर जसाच्या तसा द्यावा.

"चालेल?" त्यांनी ऋजुताला विचारलं.

"चालेल," ऋजुता म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही."

"जाऊ नये लगेच," गुळवणीबाई म्हणाल्या. "हा नियम शाळकरी मुलांना कळेल अशा भाषेत लिहून सगळ्या घरांना पाठवायचाय. पुढच्या मोहिमेत बारा घरं आहेत. त्या वेळी तू मदत करशील?"

ऋजुतानं मान हलवली. होकार होता, पण हसू नव्हतं.

आजोबांची बातमी, स्टूल आणि वायरींच्या पेटीसकट, नव्या नियमानं यानाकडे गेली. अनघानं हातातली रोपं लावून पूर्ण केली आणि मग निरोप मागितला. तिचं उत्तर आलं, तेव्हा शुक्रवारची सकाळ होती आणि आजोबांना न्यायला स्ट्रेचर दाराशी आलं होतं. ऋजुतानं टॅबलेट त्यांच्यासमोर धरला.

"दादा, या वयात स्टुलावर कुणी सांगितलं होतं चढायला? त्या गंजक्या वायरी गेल्या असत्या कबाडात! मी इथून येऊन तुमचा हात धरू शकत नाही, याचा मला इतका संताप येतोय, की काय फोडू कळत नाहीये. ऑपरेशन नीट करून घ्या. डॉक्टरांशी भांडू नका. मी रडतेय, पण हात स्थिर आहेत. ४५."

"बघ, कशी बोलतेय बापाला," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा असा फुलला होता, जणू कुणी त्यांचं कौतुकच केलं होतं. "ही माझी अनघा. चला रे, न्या मला."

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. हाड नीट बसलं. शुद्धीवर आल्या आल्या आजोबा पहिल्यांदा कुणावर खेकसले असतील, तर डॉक्टरांवरच, त्यामुळे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर बसून ऋजुतानं ही बातमी आईला कळवली. वीस मिनिटांनी उत्तर आलं. पहिल्या ओळी आजोबांसाठी होत्या. पुढचं तिच्यासाठी होतं.

"ऋजू, आज मी तुझे जुने निरोप परत वाचले. किती गोड, किती शहाणे. त्यात तू कुठेच नव्हतीस आणि मला ते कळलं नाही. तू माझ्यावर रागावली होतीस ना? ते सगळं मला पाहिजे. आत्ता लिही. काही गाळू नकोस, सौम्य करू नकोस. मी काम संपवून बसलेय."

ऋजुतानं खरे लिहिलेले जुने निरोप कुठेच नोंदलेले नव्हते. तेव्हा तिचा प्रॉक्सी नव्हता. सगळं नव्यानंच लिहावं लागणार होतं. ऋजुतानं डोळे पुसले, टॅबलेट गुडघ्यांवर घट्ट धरला आणि लिहायला सुरुवात केली.

"आई, तू गेलीस त्या दिवशी मी दार लावून घेतलं होतं, आठवतंय? तिथून सुरू करते."